घरच्या मीडिया सर्व्हरला कोणती ओएस टाकावी? (जुना डेस्कटॉप, वेगवेगळ्या साईजच्या डिस्क)

खटपट्या:
नमस्कार मंडळी, घरच्या मीडिया सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आहे आणि जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय-फाईव्ह, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. आत चार हार्डडिस्क बसतात. डिस्क वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, एक ८ टीबी (नवी, अजून रिकामी), दोन ४ टीबीच्या आणि एक २ टीबीची. जुन्या तिन्ही एनटीएफएस (विंडोजची फाईलसिस्टिम) आहेत आणि मिळून साधारण ७ टीबी भरल्यात. आत्ता विंडोज १० वर जेलीफिन (आपल्या डिस्कवरचे सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही, त्यामुळे आता हलावंच लागणार.
बघणारे म्हणजे हॉलमधला टीव्ही, दोन-तीन फोन, आणि दुसऱ्या गावी राहणारी बहीण. लिनक्स जुजबी येतं, टर्मिनलची भीती नाही पण रोज त्यात बसायचंही नाही. ट्रूनॅस, अनरेड, ओपनमीडियाव्हॉल्ट, प्रॉक्समॉक्स, साधं डेबियन, उबुंटू एवढी नावं समोर आहेत. कोणतं घेऊ यापेक्षा का घेऊ ते सांगा प्लीज.

टर्मिनल_प्रेमी:
डेबियन १३. त्यावर डॉकर (प्रत्येक ॲप स्वतंत्र डब्यात म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर). डॉकरमध्ये जेलीफिन. बाकी नावांत अडकू नका. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि वर दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), म्हणजे २०३० पर्यंत काळजी नाही. आणि डेबियन १२ पासून नॉन-फ्री फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं त्यामुळे नेटवर्क कार्ड ओळखलंच नाही वगैरे जुन्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्यात.

शांत_पंखा:
उत्तर बरोबर असेलही पण "का" राहिलं, आणि त्यांनी तेच विचारलंय.
माझं म्हणणं असं की मीडिया सर्व्हरच्या बाबतीत ओएस सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी डिस्क कशा लावणार ते ठरवा, मग व्हिडिओ ट्रान्सकोड (दुसऱ्या स्वरूपात किंवा लहान आकारात बदलणं) करायला लागणार का आणि ते कशावर होणार ते बघा, आणि तिसरं म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. हे तीन ठरलं की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.
डिस्कचंच घ्या. ८, ४, ४, २ मिळून १८ टीबी. ट्रूनॅस घेतलं म्हणजे झेडएफएस ही फाईलसिस्टिम आली, आणि रेडझेड-१ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी तिची रचना) चारही डिस्क एकत्र घातल्या तर प्रत्येक डिस्क सगळ्यात लहान डिस्कएवढीच धरली जाते, म्हणजे चार वेळा २ टीबी, त्यातली एक पॅरिटीला (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करायला लागणारी माहिती) गेली की हातात ६ टीबी. तुमचा डेटाच ७ टीबी आहे! जोड्या लावल्या (एकीची प्रत दुसरीवर), ४ ला ४ आणि ८ ला २, तरी बेरीज सहाच येते. आता हेच अनरेडने किंवा मर्जरएफएस-स्नॅपरेडने (मर्जरएफएस सगळ्या डिस्क एकत्र करून दाखवतं, स्नॅपरेड पॅरिटी ठेवतं) केलं तर ८ टीबीची डिस्क पॅरिटीला जाते (पॅरिटीची डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी लागते) आणि उरलेल्या तीन मिळून १० टीबी वापरायला मिळतात. पुढं कधी आणखी ८ टीबीच्या डिस्क आल्या तर पॅरिटीला हात न लावता त्या डेटाला जोडता येतात. झेडएफएस उत्तमच आहे हो, फक्त ते सारख्या साईजच्या डिस्क मागतं आणि तुमच्याकडे तशा नाहीत.

धुकं:
झेडएफएसच्या बाजूने दोन शब्द बोलायलाच हवेत. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटा बदलला नाही ना ते ताडायचा आकडा), वाचताना चूक सापडली तर दुसऱ्या प्रतीवरून आपोआप दुरुस्ती, आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती). कोणी चुकून अख्खं फोल्डर उडवलं तर एका मिनिटात परत. स्नॅपरेडची पॅरिटी ही सिंक चालवल्यावरच तयार होते, रात्री सिंक असेल तर दिवसभरात टाकलेल्या फाईलींना रात्रीपर्यंत काहीच संरक्षण नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे सिंकनंतर तुम्ही एका डिस्कवरच्या फाईली उडवल्यात आणि नेमकी दुसरी डिस्क गेली तर त्या दुसऱ्या डिस्कवरचा काही भाग परत येत नाही. हे सांगितल्याशिवाय स्नॅपरेड सुचवणं योग्य नाही. आणि ओपनझेडएफएस २.३ मध्ये रेडझेडला एकेक डिस्क जोडायची सोय पण आलीय.

शांत_पंखा:
सगळं मान्य. जोडता येते पण साईजचा नियम तोच राहतो ना. आणि इथं डेटा कसा आहे ते बघा, सिनेमे आणि मालिका, म्हणजे मोठ्या फाईली, एकदा टाकल्या की वर्षानुवर्षं बदलत नाहीत. स्नॅपरेड बनलंय तेच अशा डेटासाठी. चेकसम आणि स्क्रब (डिस्क वाचून चेकसम ताडणं) त्यातही आहे. सिंकची स्क्रिप्ट लावताना एक अट घाला की ठराविक संख्येपेक्षा जास्त फाईली गायब दिसल्या तर सिंक न करता थांब आणि मेल पाठव. मग चुकून उडालेलं फोल्डर पण पॅरिटीतून परत आणता येतं, कारण सिंक झालेलंच नसतं.
शिवाय मर्जरएफएसमध्ये प्रत्येक फाईल अख्खी एकाच डिस्कवर असते. दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्या डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावून वाचता येतात. रेडझेड-१ मध्ये दोन गेल्या की सगळं गेलं. सिनेमा बघताना सुद्धा ज्या डिस्कवर तो आहे तेवढीच फिरते, बाकीच्या झोपलेल्या राहतात. रेडझेडमध्ये सगळ्या फिरतात.

सावली:
मग अनरेडला का डावलताय सगळे? वेगवेगळ्या साईजच्या डिस्क हा तर त्याचा मूळ मुद्दाच आहे. पॅरिटी लिहितानाच तयार होते, स्नॅपरेडसारखी रात्रीची वाट बघायची नाही. डॉकर ॲप ब्राऊझरमधून दोन क्लिकवर. जेलीफिनला ग्राफिक्स द्यायचं तेही सोपं. टर्मिनलमध्ये रोज बसायचं नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलंय की.

टर्मिनल_प्रेमी:
पैसे द्यायला लागतात आणि लायसन सहसा पेनड्राईव्हच्या ओळख क्रमांकाला बांधलेलं असतं, सिस्टिमही सहसा त्यावरूनच बूट होते. पेनड्राईव्ह मेला की लायसन नव्यावर बदलून घ्या. मला हे बेभरवशाचं वाटतं.

सावली:
बदलून मिळतं आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप ठेवला की काम थोडक्यात होतं. बूट झाल्यावर सगळं रॅममध्ये चालतं त्यामुळे पेनड्राईव्हवर लिहिणंही फार होत नाही. सॉफ्टवेअरला पैसे द्यायला माझी हरकत नाही, ज्याला वेळ वाचवायचाय त्याच्यासाठी ते रास्त आहे. ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. खटपट्या, तुम्ही निदान बघा तरी. लिहिण्याचा वेग कमी असतो हे मात्र आधीच सांगते, कारण प्रत्येक वेळी पॅरिटी पण बदलायला लागते, म्हणून लोक आधी एसएसडीवर लिहितात आणि रात्री डिस्कवर हलवतात.

खटपट्या:
डिस्कचं गणित एकदम डोक्यात बसलं, धन्यवाद. म्हणजे ट्रूनॅस बाद. पैसे द्यायला ना नाही पण सध्या फुकटातलं चालत असेल तर आधी ते बघीन. आता ट्रान्सकोडिंगचं सांगा, त्याचा ओएसशी काय संबंध येतो? टीव्हीवर आत्ता सगळं व्यवस्थित चालतं, बहिणीच्या फोनवर मात्र मोठ्या फाईली अडकतात.

गच्चीवरचा_टॉवर:
इथं जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.
टीव्हीला फाईल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हर फक्त फाईल पाठवतो, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि त्याला दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर पण पुरतो. ट्रान्सकोड कधी होतं, तर बघणाऱ्याला फाईलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) चालत नसेल, नेट कमी पडत असेल, किंवा सबटायटल चित्राच्या स्वरूपात असतील आणि ती व्हिडिओत भाजायला लागत असतील. बहिणीचं दुसऱ्या क्रमांकात बसतं, तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या नेटचा वेग तेवढा नाही म्हणून फाईल लहान करून पाठवायला लागते. नुसता आवाज बदलायचा असेल, म्हणजे टीव्हीला डीटीएस हा आवाजाचा प्रकार कळत नाही वगैरे, तर ते काम हलकं आहे, त्याची चिंता नको.
तुमच्या सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये क्विक सिंक (ग्राफिक्समधलं ट्रान्सकोडचं हार्डवेअर) आहे आणि नशिबाने एचईव्हीसी या कोडेकचं १०-बिट याच पिढीपासून नीट आलं, सहाव्या पिढीत फक्त ८-बिट होतं. एव्ही-१ हा आणखी नवा कोडेक मात्र याला हार्डवेअरमध्ये उलगडता येणार नाही, ते अकराव्या पिढीपासून. तेव्हा एव्ही-१ च्या फाईली गोळा करू नका किंवा बघणाऱ्या उपकरणालाच त्या येतात ना ते तपासा.
ओएसचा संबंध असा की हे ग्राफिक्स जेलीफिनपर्यंत पोचायला हवं. लिनक्सवर कर्नलमध्ये ड्रायव्हर आहेच, डॉकरला एक डिव्हाईस दाखवायचं (डीआरआय फोल्डरमधलं रेंडर-डी-१२८) आणि कंटेनर ज्या युजरने चालतो त्याला रेंडर ग्रुपचा क्रमांक द्यायचा. हा ग्रुप द्यायचा राहतो, मग व्हिडिओ चालूच होत नाही आणि लोक ओएसला दोष देतात. जेलीफिनच्या अधिकृत इमेजमध्ये त्यांचं स्वतःचं एफएफएमपेग (व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर) आणि इंटेलचे ड्रायव्हर आतच असतात. चालतंय की नाही ते बघायला होस्टवर इंटेल-जीपीयू-टॉप चालवा, व्हिडिओच्या ओळीत हालचाल दिसली म्हणजे काम प्रोसेसरवर नाही, ग्राफिक्सवर चाललंय.
ट्रूनॅसची जुनी कोअर आवृत्ती फ्रीबीएसडीवर होती, तिथं हेच इंटेल ग्राफिक्सचं काम त्रासाचं होतं. नवी डेबियनवर आहे त्यामुळे तो मुद्दा आता उरला नाही.

नवखा_८:
मध्येच विचारतो, जेलीफिनऐवजी प्लेक्स का नाही घेत कोणी?

गच्चीवरचा_टॉवर:
हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला प्लेक्स पास (पैसे देऊन घ्यायचं सदस्यत्व) लागतो आणि २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायलाही पैसे लागतात. त्यांची ॲप जास्त टीव्हींवर मिळतात हे खरं. जेलीफिन म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या मीडिया सर्व्हरचा कोड बंद झाला तेव्हा त्यातून फुटून निघालेला प्रकल्प, सगळं मोफत आणि खुलं. खटपट्या आधीच जेलीफिनवर आहेत आणि खूश आहेत तर कशाला हलवायचं.

चौथा_मजला:
मला वाटतं प्रॉक्समॉक्सचा विचार करावा. तेही डेबियनवरच आहे. एका मशीनवर जेलीफिन एका कंटेनरमध्ये, फोटोंचं वेगळ्यात, प्रयोग करायला तिसरं. काही बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत जायचं. पुढं वाढवायला वाव राहतो.

शांत_पंखा:
प्रॉक्समॉक्स मला स्वतःला आवडतं पण त्यांना नको म्हणेन. ज्याला प्रयोग करायचेत त्याच्यासाठी ते छान. इथं काम एकच आहे, सिनेमे दाखवणं. मध्ये एक थर आला की ग्राफिक्स आधी होस्टकडून कंटेनरला द्यायचं, कंटेनरमध्ये डॉकर असेल तर परत त्यातून डॉकरला, डिस्क होस्टवर लावायच्या की आत, फाईलींचे मालकी क्रमांक आत एक आणि बाहेर एक. प्रत्येक गोष्ट जमते, पण सहा महिन्यांनी काही अडलं की हे सगळं परत आठवायला लागतं. तिसरा प्रश्न विचारला होता तो याचसाठी, दुरुस्त कोण करणार? तुम्ही कामात असाल आणि घरचे म्हणतील टीव्हीवर काही लागत नाही, तेव्हा फोनवरून सांगून जे सुरू होईल ते खरं. एक पॉवर बटण दाबलं आणि सगळं आपोआप वर आलं पाहिजे.

सावली:
हे मात्र शंभर टक्के. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते ती लगेच लावून टाका, कुठलीही ओएस घेतली तरी.

खटपट्या:
बरं मग साधं डेबियन की ओपनमीडियाव्हॉल्ट? दोन्ही डेबियनच ना?

टर्मिनल_प्रेमी:
ओएमव्ही म्हणजे डेबियनवर वेब पॅनेल. फ्रीनॅसवर (ट्रूनॅसचं जुनं नाव) काम केलेल्या डेव्हलपरनेच ते सुरू केलं आणि पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. मर्जरएफएस आणि स्नॅपरेडची प्लगइन मिळतात, शेअर करणं, डिस्कची तब्येत बघणं, मेल पाठवणं सगळं ब्राऊझरमधून. तुमच्यासारख्याला ते बरं पडेल असं आता मलाही वाटायला लागलंय. फक्त एक नियम कायम पाळायचा, जे पॅनेलमधून केलंय ते टर्मिनलमधून बदलायचं नाही. ओएमव्ही कॉन्फिगरेशनच्या फाईली स्वतः लिहितं, तुम्ही हाताने केलेले बदल पुढच्या वेळी पुसले जातात. ज्यांना हे माहीत नसतं ते वैतागतात. एकतर पूर्ण पॅनेल नाहीतर पूर्ण हाताने, दोन्ही अर्धं अर्धं नको.
उबुंटू सर्व्हर घेतलंत तरी वाईट नाही, एलटीएसला पाच वर्षं मिळतात, पण इन्स्टॉल करताना ते डॉकरचं स्नॅप (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज) देऊ करतं ते टाळा, त्याला तुमच्या डिस्कवरची फोल्डरं नीट दिसत नाहीत. डॉकर त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घ्यायचं.

शांत_पंखा:
आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ओएस अशी लावा की उद्या ती बदलायला काही वाटणार नाही. जेलीफिनचं कॉन्फिग फोल्डर एसएसडीवर एका ठिकाणी, कंपोज फाईल (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली) त्याच्याच शेजारी, आणि कंटेनरच्या आत सिनेमांचा पत्ता कायम एकच, समजा नुसतं "मीडिया". बाहेर डिस्क कुठेही लागली असो, आत जेलीफिनला तोच पत्ता दिसला पाहिजे. जेलीफिन डेटाबेसमध्ये पूर्ण पत्ते लिहून ठेवतं, तुम्हाला आत्ता विंडोजवरून जुना डेटाबेस नुसता कॉपी करून आणता येणार नाही त्याचं कारण तेच आहे, तिथं सगळे पत्ते ड्राईव्हच्या अक्षरांनी सुरू होतात. पण एकदा असं लावलंत की डेबियनवरून ओएमव्हीवर, ओएमव्हीवरून अनरेडवर, कुठंही जाताना ते फोल्डर उचलायचं आणि कंटेनर वर आणायचा. मग आज केलेली निवड चुकली तरी एका संध्याकाळचं काम. लोक ओएस निवडताना इतके घाबरतात कारण त्यांचं सगळं ओएसमध्येच गुंतलेलं असतं.
कॉन्फिग फोल्डर मर्जरएफएसवर किंवा नेटवर्क शेअरवर ठेवू नका, आत एसक्यूलाईट डेटाबेस आहे, त्याला साधी लोकल फाईलसिस्टिम लागते.

नवखा_८:
विंडोजवरून निघताना बघितलेल्या भागांच्या खुणा आणि हाताने दुरुस्त केलेली माहिती सगळी जाणार का मग?

गच्चीवरचा_टॉवर:
माहिती वाचवता येते. निघण्याआधी जेलीफिनमध्ये एनएफओ (सिनेमाच्या माहितीची छोटी फाईल) सेव्ह करायचा पर्याय चालू करा आणि पोस्टर पण मीडिया फोल्डरमध्येच ठेवायला सांगा, म्हणजे ती फाईलींच्या शेजारी जाऊन बसतात आणि नवा सर्व्हर तिथून वाचतो. बघितल्याच्या खुणांसाठी ट्रॅक्टचं (काय बघितलं त्याची नोंद ठेवणारी वेबसाईट) प्लगइन वापरून आधी वर पाठवायचं आणि नव्या ठिकाणी खाली घ्यायचं. सिनेमाच्या फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष ही शिस्त असेल तर अर्धी डोकेदुखी तशीच जाते.

खटपट्या:
ठरत आलंय. ओएमव्ही, मर्जरएफएस, स्नॅपरेड, जेलीफिन डॉकरमध्ये. आता एनटीएफएसचं काय करू? लिनक्सला एनटीएफएस वाचता येतं ना, तशाच लावल्या तर?

टर्मिनल_प्रेमी:
वाचता येतं, २०२१ मध्ये कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस-३ ड्रायव्हर आतच आहे. पण कायमस्वरूपी नको. फाईलसिस्टिम बिघडली तर नीट तपासून दुरुस्त करायला परत विंडोजच लागतं, परवानग्यांचा गोंधळ वेगळा. एक्स्ट-४ (लिनक्सची फाईलसिस्टिम) करून टाका.

शांत_पंखा:
८ टीबी रिकामी आहे हे तुमचं नशीब, त्यामुळे हे एका फेरीत होतं. पण त्याआधी थांबा. फोटो, घरचे व्हिडिओ, कागदपत्रं, जे परत मिळणार नाही ते सगळं आधी एका वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. ते झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.
मग ८ टीबी एक्स्ट-४ करून तिन्ही जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर आरसिंक या कॉपी करायच्या आज्ञेने. ७ टीबी म्हणजे सेकंदाला १५० एमबी धरले तरी तेरा तास, प्रत्यक्षात जास्तच, तेव्हा रात्रभर लावून ठेवा. झाल्यावर आरसिंक परत एकदा चेकसमच्या पर्यायासह चालवा, तो दोन्हीकडची प्रत्येक फाईल पूर्ण वाचून ताडून बघतो. त्याला जवळपास तेवढाच वेळ लागेल पण ही पायरी गाळायची नाही. मग जुन्या तिन्ही फॉरमॅट करून डेटा परत त्यांच्यावर, परत ताडणी, आणि सगळ्यात शेवटी ८ टीबी पुसून पॅरिटीला आणि पहिला सिंक. मधल्या काळात सगळा डेटा एकाच डिस्कवर असणार आहे म्हणून ती नवी डिस्क आधी स्मार्टची (डिस्कमधलीच तब्येत तपासायची सोय) लांब टेस्ट करून तपासून घ्या.
आणखी एक, एक्स्ट-४ पाच टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमचा मुख्य युजर) राखून ठेवतं. डेटाच्या डिस्कवर त्याचा काही उपयोग नाही आणि तुमच्या १० टीबीतले ५०० जीबी असेच जातील. ट्यून-टू-एफएस या आज्ञेने ते शून्यावर आणा.

धुकं:
मघाशी मी झेडएफएसची बाजू घेतली पण या यादीशी मी सहमत आहे. फक्त एवढं परत सांगतो की पॅरिटी म्हणजे बॅकअप नाही. वीजपुरवठा बिघडून चारही डिस्क एकदम जळल्या, मशीन चोरीला गेलं, कोणी फाईली उडवल्या आणि सिंक होऊन गेला, यातलं काहीच पॅरिटी वाचवत नाही. सिनेमे परत मिळतील. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. बहिणीकडे एक डिस्क ठेवता आली तर तिच्याकडेच ठेवा ना.

सावली:
बहिणीला बघायला देताना राऊटरवर पोर्ट उघडू नका. वायरगार्ड (घरच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) लावा, तिच्या फोनवर पण तेच, नाहीतर टेलस्केल, ते वायरगार्डवरच आहे आणि लावायला सोपं. नेट कंपनी सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटणं) वापरत असेल तर पोर्ट उघडून तसंही काही होत नाही, टेलस्केल मात्र बहुतेक वेळा चालतं.

गच्चीवरचा_टॉवर:
देवनागरी सबटायटल वापरता का? तर एक लक्षात ठेवा, कारण हे इंग्रजी गाईडमध्ये सहसा सापडत नाही. बाहेरची एसआरटी फाईल असेल तर फोन किंवा टीव्ही स्वतःच्या फॉन्टने दाखवतो, अडचण नाही. पण सबटायटल भाजायला लागली तर ती सर्व्हरवर उमटतात आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन येतात. एका फोल्डरमध्ये नोटो सॅन्स देवनागरी टाका आणि ते फोल्डर कंटेनरच्या आत सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये (यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/कस्टम) दाखवा. एसआरटी यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केलेली हवी, जुन्या फाईली वेगळ्या एन्कोडिंगमध्ये असतात मग अक्षरांचा गोंधळ होतो.

खटपट्या:
हे सोनं सांगितलंत, आईसाठी मराठी सबटायटल लावायलाच लागतात. दोन आठवड्यांत करतो आणि इथं येऊन सांगतो.

खटपट्या:
झालं मंडळी. डेटा ८ टीबीवर गेला, चेकसमने ताडला, जुन्या डिस्क एक्स्ट-४ झाल्या, डेटा परत आला. पॅरिटीचा पहिला सिंक पण पार पडला. क्विक सिंक रेंडर ग्रुप दिल्यावर लगेच चालू झालं, बहिणीच्या फोनवर मोठी फाईल लहान होऊन जाते आणि प्रोसेसर जवळपास रिकामा असतो. सबटायटलच्या फॉन्टचं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, जोडाक्षरं पण नीट येतायत.
एक प्रश्न राहिला. एक डेटा डिस्क मुद्दाम काढून मशीन चालू करून बघितलं, बूट झालं, पण त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये आता काही लिहिलं गेलं तर ते कुठं जाईल?

टर्मिनल_प्रेमी:
हे तपासलंत ते फार छान केलंत. बूट झालं कारण ओएमव्ही माउंट करताना नोफेल (डिस्क नसली तरी पुढं जा असा पर्याय) लावतं, हाताने केलेल्या डेबियनमध्ये ते नसतं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसलं असतं. पण डिस्क लागलेली नसताना ते फोल्डर म्हणजे एसएसडीवरचं साधं रिकामं फोल्डर असतं, त्यात लिहिलेलं थेट एसएसडीवर जातं आणि २५६ जीबी भरायला वेळ लागत नाही. उपाय सोपा आहे, डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटरने बदलता न येणारं करून टाका, म्हणजे डिस्क नसली की लिहिणं सरळ फेल होईल आणि तुम्हाला कळेल. तिन्ही डेटा फोल्डरांना करा. पॅरिटीच्या फोल्डरलाही.

शांत_पंखा:
आणि त्याच बरोबर सिंकच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच सगळ्या डिस्क माउंट आहेत का ते तपासून घ्या, एखादी नसेल तर सिंक नको, फक्त मेल. स्नॅपरेड स्वतःही डिस्क एकदम रिकामी दिसली तर अडतं आणि जबरदस्ती केल्याशिवाय पुढं जात नाही, पण आपली तपासणी आधी असलेली बरी.